यत्नाचार हवा, भय नको



२०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट ओसरली, बाजार उघडू लागले. पण अनेकींच्या मनातली टाळेबंदी उठली नव्हती. कुणाचे हात साबणाने धुऊन धुऊन फुटले, तरी समाधान होत नसे. कुणी दिवसातून दहादा ऑक्सिमीटर बोटाला लावत असे. घरात कुणी शिंकले की कुणाची रात्रीची झोप उडत असे. मंदिर तेव्हा बंद होते, म्हणून दर्शनानंतर पायरीवर बसून चार शब्द बोलण्याची सोयही गेली होती. हे नाटक नव्हे आणि श्रद्धेची उणीवही नव्हे. मन थकल्याची ही लक्षणे आहेत.

खरे तर स्वच्छता आपल्याला नवी नाही. पाणी गाळणे, धान्य निवडणे, सूर्यास्ताआधी जेवणे उरकणे हे आपण लहानपणापासून करतो. पण ते कशासाठी? पाणी गाळून जिवाणी पुन्हा विहिरीत सोडणारी आजी त्या जीवांना भीत नव्हती, जपत होती. यालाच यत्नाचार म्हणतात. पाणी गाळले की काम संपले, मन मोकळे. भीतीचे काम मात्र संपत नाही. भाजी एकदा धुतली की ती म्हणते, पुन्हा धू. वस्तूंना हात लावण्यापेक्षा श्वासावाटे, बंद खोलीतल्या हवेतून हा विषाणू जास्त पसरतो, असे आता तज्ज्ञच सांगतात. म्हणून मास्क लावा, खिडक्या उघडा, लस घ्या. दुधाची पिशवी तीनतीनदा घासण्याची गरज नाही.

आपल्या आचार्यांनी सात भये सांगितली आहेत. त्यांत वेदनाभय, मरणभय आणि आकस्मिकभय आहे. न आलेल्या आजाराचे दुःख आजच भोगत बसणे हे आर्तध्यानच. पण म्हणून घाबरलेल्या सुनेला किंवा जावेला "तुझा धर्मावर विश्वास नाही" असे ऐकवू नका. तिची भीती त्याने कमी होत नाही, फक्त ती बोलायची थांबते.

मला सर्वांत जास्त टोचते ती वेगळीच गोष्ट. भीती आपल्याला कठोर करते. बऱ्या झालेल्या बाईचे ताट-वाटी महिनोन्महिने वेगळे ठेवलेले मी पाहिले आहे. तिच्या दारावरून जाताना लोक पदर नाकाला लावतात. आजाराने नाही, तर या वागण्याने ती खचते. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा का आहे, हे अशा वेळी कळते. राजा उद्दायनाची कथा आपण पाठशाळेत ऐकली आहे. रोगी मुनींनी अंगावर वांती केली, तरी त्याने किळस न करता सेवा केली. रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवावे लागले, तर त्यात दोष नाही. पण दाराशी ताट ठेवून पळून न जाता मास्क लावून, दुरून दोन शब्द विचारता येतात. हीसुद्धा वैयावृत्त्यच आहे.

स्वतःसाठीही थोडे करा. बातम्या दिवसातून एकदाच पाहा. सामायिकाच्या ४८ मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मनातली भीती घरात एकाला तरी मोकळेपणाने सांगा. दोन आठवडे झोप नाही, छातीत धडधड थांबत नाही, असे असेल तर डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाची गोळी घेताना आपण लाजत नाही, मग इथे कशाला? २०२० मध्ये सरकारने 'किरण' हेल्पलाइनही सुरू केली होती. तिथे मराठीतून बोलता येत असे.

आणि आजारपणामुळे ज्या घराशी बोलणे तुटले आहे, तिथे क्षमावाणीची वाट न पाहता आजच फोन करा.