दारांतील लोखंडी दांडा

बदलापूरच्या एका भगिनी विचारतात कीं, मुलगा लोकलच्या प्रवासामुळें तालमीस जाऊं शकत नाहीं, म्हणून दारांत लोंबकळण्याचा दांडा आणूं म्हणतो. घरांत लहान पुतणे आहेत, तर आणूं द्यावा काय?

अवश्य आणूं द्यावा. मात्र आधीं दार पाहावें. चौकटीवर नुसता अडकवावयाचा दांडा परदेशी घरांसाठीं योजिलेला आहे. तेथें चौकटीभोंवतीं भिंतीबाहेर आलेली लाकडी पट्टी असते, तीवर त्याचा आंकडा टेकतो. आपल्याकडील चौकट बहुधा गिलाव्याशीं सपाट; आंकडा टेकावा कशावर? मळसूत्र फिरवून दोहों बाजूंस ताणावयाचा दांडा जुन्या सागवानी चौकटींत बरा राहतो. गुळगुळीत ग्रॅनाइटवर तो घसरतो, पातळ पत्र्याच्या चौकटीस फांकवितो. शिवाय तो रोज आवळून पाहावा लागतो.

बोल्टांनीं पक्का केलेला दांडा सर्वांत भरंवशाचा. पण नव्या इमारतींतील हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतींत साधा बोल्ट ढिला होतो. दारावरील काँक्रीटची तुळईच त्यास हवी. तीहि सळया उघड्या पडलेली नसावी. शेजारच्या उल्हासनगरांत 2021 च्या मे महिन्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसें दगावलीं, तेव्हां जुन्या घरांत अभियंत्यास विचारल्यावांचून भोंक पाडूं नये.

वर्दळीचें दार टाळावें. पहिले कांहीं दिवस पाय जमिनीस टेकवून अर्धाच भार द्यावा, खालीं गादी असावी. ताणावयाचा दांडा व्यायाम होतांच उतरवून पुतण्यांच्या हातीं न लागेल असा ठेवावा.