मरतुकड्या ठिणगीचं काय घेऊन बसलात!

मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळणारं रील तुम्हीही पाहिलं असेल. लोक त्याला 'देसी जुगाड' म्हणून टाळ्या देतात. मला त्या टाळ्यांचा राग येतो.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मीही पुण्याच्या जुन्या बाजारातून असा ट्रान्सफॉर्मर आणून रूमवर जोडला. ठिणगी जेमतेम मिलिमीटरभर. 'एवढंच?' म्हणत वायर सरळ करायला हात पुढे केला, तेवढ्यात रूममेटनं बोर्डावरून माझी पिन उपसली. धोका ओळखून नव्हे, त्याला फोन चार्जिंगला लावायचा होता. त्याच्या उतरलेल्या बॅटरीमुळे मी आज हे लिहितोय.

फसवणूक त्या ठिणगीतच आहे. जुन्या टीव्हीच्या फ्लायबॅकमधून वीसेक हजार व्होल्ट निघतात, कडकडाट होतो, माणूस घाबरून लांब राहतो. इथे व्होल्ट साधारण 2000, ठिणगी मरतुकडी; पण करंट शेकडो मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडायला 100 पुरतात. घरातला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी वाचवेल? नाही. सेकंडरी गुंडाळी मेन लाइनपासून वेगळी असते, तिथून तुमच्या अंगात शिरलेला करंट त्याला दिसतच नाही.

'ग्लोव्ह्ज घालायचे, काळजी घ्यायची' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सनं आपल्या कार्यक्रमांत या नक्षीवर बंदी घातली आहे, कारण माणसं मेली. ही मंडळी रोज धारदार हत्यारं हाताळतात. ती भित्री नाहीत.

मग काहीच उघडायचं नाही? जरूर उघडा. कॉलेजात आम्ही ट्रान्सफॉर्मरचं इक्विव्हॅलंट सर्किट कितीदा काढलं, उघडलेला एकही पाहिला नाही. त्या उपाशी कुतूहलाला मग रील खाऊ घालतं, हा दोष कॉलेजचाही आहे. बंद पडलेला प्रिंटर फोडा, त्यातली स्टेपर मोटर 12 व्होल्टवर फिरवा, रोबो बनवा. पण मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नका; पिन काढल्यावरही त्याचा कपॅसिटर चार्ज धरून बसलेला असू शकतो.

माझा ट्रान्सफॉर्मर मी भंगारात विकला. विकण्याआधी करवतीनं त्याची गुंडाळी कापली. दुसऱ्या कुणाच्या रूमवर तो चालू स्थितीत पोचायला नको होता.