संकेतांक म्हणजे निदान नव्हे

पेडण्याचा अथवा काणकोणचा एखादा शेतकरी सतत डोके दुखते म्हणून तपासणीस जातो. मेंदूची छायाचित्रे घेतली जातात. तो बाहेर येतो तेव्हा त्याच्या हातात काळ्या फिल्मांचा मोठा लिफाफा आणि एक कागद असतो. कागदाच्या कोपऱ्यात ‘आर ९०.०’ असे लिहिलेले असते. डॉक्टर ‘पुढे पाहू’ एवढेच म्हणालेले असतात. परंतु तो घरी पोहोचेपर्यंत शेजारी, आप्तेष्ट आणि खिशातला मोबाइल या तिघांनी मिळून त्या आकड्याचा अर्थ लावून टाकलेला असतो: मेंदूत गाठ, म्हणजे कर्करोग! त्या रात्री त्या घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. यात कुटुंबाचा दोष नाही. त्या संकेतांकाचा खरा अर्थ त्यांना कोणीच सांगितला नाही, दोष आहे तो हाच.

हे संकेतांक आले कोठून? मृत्यूच्या कारणांची एक सर्वमान्य यादी असावी, या विचाराने फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली ती सादर केली. १९४८ पासून तिची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि मृत्यूंबरोबर आजारही तिच्यात मोजले जाऊ लागले. दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी आपल्याकडील विम्याच्या दावापत्रांत रकाना असतो तो दहाव्या आवृत्तीचाच.

या यादीत ‘आर’ हे अक्षर एका विशेष प्रकरणासाठी राखलेले आहे. लक्षणे, चिन्हे आणि तपासणीत आढळलेल्या, परंतु अन्यत्र न बसणाऱ्या विकृती यांचे ते प्रकरण. त्यातील ‘आर ९०’ मेंदू व मज्जासंस्थेच्या छायाचित्रांपुरते आहे, आणि ‘आर ९०.०’ म्हणजे कवटीच्या आत जागा व्यापणारे काहीतरी दिसले, इतकेच. ते गाठ असेल, गळू असेल, क्षयाची गुठळी असेल किंवा निरुपद्रवी द्रवकोशही असेल. ‘दिसले आहे, पण काय आहे ते अद्याप ठरलेले नाही’ अशी ती प्रामाणिक कबुली आहे. न्यायशास्त्र संशयित आणि अपराधी यांत जो भेद करते, तोच येथे अभिप्रेत आहे.

हा भेद किती मोलाचा आहे, हे आपल्याच देशाने अनुभवले आहे. सीटी स्कॅन हे यंत्र १९७१ साली लंडनमध्ये प्रथम रुग्णासाठी वापरले गेले. पुढे ते भारतात आले, तेव्हा आकडी येणाऱ्या अनेकांच्या मेंदूत एकच लहानसा ठिपका दिसू लागला. तो क्षयाचा असावा असा पुष्कळ डॉक्टरांचा समज होता, आणि त्यानुसार रुग्णांना महिनोन्महिने क्षयाची औषधे घ्यावी लागत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील तज्ज्ञांनी असे ठिपके शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९८९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेक ठिपके क्षयाचे नव्हे, तर पट्टकृमीच्या अळीचे निघाले. यादीत मज्जासंस्थेच्या क्षयाला ‘ए १७’ आणि या कृमिबाधेला ‘बी ६९’ असे वेगवेगळे संकेतांक आहेत. खात्री होण्यापूर्वीच यांपैकी एक लिहून टाकणे म्हणजे तपासाआधी निकाल देणे.

शिवाय दिसणारी प्रत्येक गोष्ट घातक असतेच असेही नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २,००० प्रौढ नागरिकांच्या मेंदूची छायाचित्रे घेण्यात आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ७.२ टक्के लोकांत त्यांना कधी न जाणवलेल्या रक्तपुरवठा-खंडाच्या खुणा आढळल्या, तर १.६ टक्के लोकांत साध्या, कर्करोगाच्या नसलेल्या गाठी. यंत्र जितके सूक्ष्म, तितके अनपेक्षित अधिक दिसणार.

परंतु कागदावरील आकडा कागदापुरता राहत नाही. तो विमा कंपनीच्या टेबलावर जातो. २०२४ च्या नियमांनुसार पूर्वीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे. एखाद्याने निदानाविना असलेली ही नोंद विमा घेताना प्रामाणिकपणे सांगितली, तर तिच्याकडे ‘मेंदूचा अर्बुद’ म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. नोंद दडवणे मात्र त्याहून घातक, हेही आम्ही वाचकांना बजावू इच्छितो. दडवलेली नोंद पुढे दाव्याच्या वेळी अंगाशी येते.

दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. ‘आर ९०’ ही वाटेवरची धर्मशाळा आहे, मुक्कामाचे गाव नव्हे. पुढील तपासणीत रोग निश्चित झाल्यावरही जुनाच आकडा लिहीत राहणे हा आळस आहे. अशा आळसामुळे कोणत्या तालुक्यात आकडीचे रुग्ण कशामुळे वाढतात, हे सरकारला कधीच कळणार नाही. आणि जे मोजले जात नाही, त्यासाठी पैसाही मंजूर होत नाही.

यासाठी करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. संकेतांक लिहिण्याचे काम प्रशिक्षित माणसाकडे असावे, घाईतल्या कारकुनाकडे नव्हे. निदान झाले की नोंद बदलली जावी आणि बदललेली नोंद रुग्णाच्या हाती पडावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अशा प्रत्येक अहवालाखाली मराठीत व कोंकणीत एक वाक्य असावे: ‘हे निदान नाही, पुढील तपासणी आवश्यक आहे.’ त्या वाक्याला ना यंत्र लागते, ना निधी. ते लिहिलेले असेल, तर काणकोणच्या त्या घरातली रात्र भयाने नव्हे, उद्या कोणत्या डॉक्टरांकडे जायचे याच्या विचाराने सरेल.