बुटका मनोरा

गाव सोडून नाव काढलेला माणूस पुष्कळ वर्षांनी गावी परतला, की त्याला आधी वाटते, ‘अरे, हे गाव एवढेसेच होते?’ आणि मग वाटते, ‘या गावासाठी आपण काहीतरी केले पाहिजे.’ बहुतेकांची मजल देवळाच्या पायरीवर नाव कोरण्यापलीकडे जात नाही. पण इटलीत १४५९ साली असा एक पाहुणा गावी आला, आणि त्याने गावच नव्याने बांधायला काढले!

पाहुणा साधासुधा नव्हता. सिएनाजवळच्या कोर्सिन्यानो या डोंगरमाथ्यावरच्या खेड्यात १४०५ साली जन्मलेला हा एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी. पंडित, कवी, मुत्सद्दी. आणि १४५८ पासून पोप पायस दुसरे. बरोबरीचे सवंगडी काही गेलेले, काही जख्ख म्हातारे झालेले. त्यांच्याकडे पाहून आपलेही वय झाल्याचे महाराजांना उमगले. त्यांनीच तसे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

मग फ्लॉरेन्सच्या बर्नार्डो रोस्सेलिनो या वास्तुकाराला काम सांगितले. चर्च उठले, पोपचा वाडा उठला. खर्च अंदाजाबाहेर गेला. पन्नास हजार डुकाटांच्यावर! चहाडखोरांनी कान भरले. पोपांनी रोस्सेलिनोला बोलावून घेतले आणि खोटा अंदाज दिल्याबद्दल चक्क त्याचे आभार मानले; कारण खरा आकडा कळता, तर यातले काहीच झाले नसते. वर शंभर डुकाट आणि किरमिजी झगा बक्षीस! घर बांधून हात पोळलेल्या वाचकांनी ही गोष्ट आपल्या कंत्राटदाराला सांगू नये.

१४६२ साली खेड्याचे शहर झाले. पोपांच्या नावावरून पिएन्झा. शहर म्हटले की सभागृह हवेच. ते चर्चच्या समोर उभे राहिले. खाली दगडी खांबांवर पेललेल्या कमानींची मोकळी ओसरी, वर सभेचे दालन, बाजूला विटांचा घंटामनोरा. पुढे चर्चचा चौक, पाठीमागे बाजार. देव आणि देवघेव यांच्या मधोमध गावकऱ्यांची ही चावडी.

मनोरा मात्र बुटका. चर्चच्या मनोऱ्याहून मुद्दामच ठेंगणा ठेवलेला. धर्मसत्ता वर, लोकसत्ता खाली, हे येणाऱ्याजाणाऱ्याला न सांगता कळावे म्हणून. शेजारच्या सिएनाचा सभागृहाचा मनोरा पाहा. चौदाव्या शतकात तो गगनाला भिडला, कारण तो नागरिकांनी स्वतः उभारला होता. पिएन्झाचे सभागृह देणगीचे. दिलेल्या घराची उंची देणाराच ठरवतो!

१४६४ साली पोप वारले. रोस्सेलिनोही त्याच वर्षी गेला. १५९९ साली बुटक्या मनोऱ्यावर आणखी एक मजला चढला. तरीही तो चर्चच्या मनोऱ्याच्या खालीच राहिला. १९९६ पासून गाव युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. वस्ती मात्र आजही जेमतेम दोन हजारांच्या आसपास.

पोपांचे गावावर प्रेम होते, यात शंका नाही. पण गावाला किती उंच व्हायचे आहे, हे त्यांनी गावाला विचारल्याचे दिसत नाही. यंदा दिवाळीला गावी जाल, गावासाठी काही करावेसेही वाटेल. जरूर करा. फक्त आधी ओसरीवर बसून गावकऱ्यांना तेवढे विचारा.