चालेल!
भाची मिलानला शिकायला निघाली आहे, त्यामुळे सकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, डोंबिवली ते ठाणे आमची इटालियनची उजळणी सुरू असते. (वही उघडायला जागा नसते, म्हणून सगळं तोंडी.) या आठवड्यात होकार शिकलो. पुस्तकात ‘सोनो दाक्कॉर्दो’ दिलंय, म्हणजे ‘मी सहमत आहे’. आता सहमत वगैरे असतात ते परिसंवादातले वक्ते. घरात आपण ‘पटलं’ म्हणतो. पण शब्द उलगडला तर गोड निघतो. दाक्कॉर्दोच्या पोटात लॅटिन ‘कॉर’ आहे, काळीज, आणि तो आपल्या ‘हृदया’चा दूरचा चुलतभाऊ लागतो. रोजच्या तोंडी मात्र ‘वा बेने’. शब्दशः ‘बरं जातंय’, अर्थ ‘ठीक आहे’. अगं, हे तर आपलं ‘चालेल’! होकार दोन्हीकडे पायांनीच येतो. चौथ्या सीटसाठी कुणी ‘जरा सरकता का’ विचारलं की बसलेल्या तिघी म्हणतात ते हेच. फक्त सूर सांभाळायचा. ‘चालेल’ आणि ओढून म्हटलेलं ‘चालेऽल’ यांत जेवढं अंतर, तेवढंच ‘वा बेने’ आणि ‘वाब्बे’ यांत. दुसऱ्यात ‘जाऊ दे, आता काय करणार’ असतं. कळव्याच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबली. इतका वेळ गुपचूप ऐकणाऱ्या शेजारच्या काकूंनी घड्याळ बघितलं आणि सुस्कारा टाकला, “वाब्बे.”