गळती आणि पाणीपट्टी

मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली आगगाडी 2016 सालच्या 12 एप्रिल रोजी आपल्या ढोकीच्याच लोहमार्गावरून लातुरास पोहोचली. मांजरा धरण कोरडे पडले होते. म्हणून दहा वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी सुमारे 340 किलोमीटर अंतरावरून आणावे लागले. त्या गाडीचे आज स्मरण करून देण्याचे कारण असे की, एवढ्या सायासाने आणलेले पाणीदेखील शेवटी नळांतूनच घरोघर जावयाचे असते. आणि नळ गळके असतील तर पाणी जवळचे असो वा दूरचे, त्याची गत एकच.

आमच्या विद्यार्थ्यांनी एक सोपे गणित करून पाहावे. एखाद्या ठिबकणाऱ्या नळाखाली ठेवलेले एक लिटरचे भांडे दहा मिनिटांत भरत असेल, तर त्या नळातून दिवसास 144 लिटर पाणी वाया जाते. शहरातील एका माणसाच्या सर्व गरजांसाठी सरकारी मानक 135 लिटरांचे आहे. जलजीवन योजनेत खेड्यातील माणसासाठी ते 55 लिटर आहे. म्हणजे तो एक नळ रोज दोन माणसांहून अधिकांचा वाटा पिऊन टाकतो! असे साडेतीन हजार नळ एकत्र झाले, की त्या पहिल्या गाडीतील सारे पाणी एका दिवसात गटारात गेलेच म्हणून समजावे. थेंबे थेंबे तळे साचते, हे आपण मुलांस शिकवितो; थेंबे थेंबे ते रितेही होते, हे शिकविण्यास मात्र विसरतो.

आता पालकांच्या खिशाचा प्रश्न. पाणी आकाशातून फुकट पडते हे खरे. परंतु ते उपसण्यास वीज लागते, शुद्ध करण्यास तुरटी व क्लोरीन लागते. समजा, शंभर घागरींवर शंभर रुपये खर्च झाला आणि चाळीस घागरी वाटेतच गळाल्या. उरलेल्या साठ घागरींवरच तो खर्च बसणार. म्हणजे रुपयाची घागर एक रुपया सदुसष्ट पैशांस पडली. गळती वीसांवर आणली, तर तीच सव्वा रुपयास मिळते. केंद्र सरकारने 2008 साली ठरविलेले मानकही बिनमहसुली पाणी वीस टक्क्यांहून अधिक नसावे असेच सांगते. पुण्यासारख्या धनाढ्य शहरात मात्र सुमारे चाळीस टक्के पाणी गळती व चोरीत जात असल्याचे सांगितले गेले, आणि नव्या नळयोजनेसाठी 2016 सालापासून वर्षानुवर्षे वाढत जाणारी पाणीपट्टी नागरिकांच्या माथी आली. वेळेवर कर भरणारा भरतच राहतो आणि चोरून जोड घेणारा निश्चिंत असतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते याहून निराळे काय?

भुयारी गटारांची कथा याच्या उलट, परंतु तितकीच खर्चाची. पाण्याच्या नळातून पाणी बाहेर जाते. फुटक्या गटारात बाहेरचे पाणी आत शिरते. पावसाचे, जमिनीतील आणि शेजारच्या गळक्या नळाचेही पाणी तडकलेल्या सांध्यांतून झिरपते, मैल्यात मिसळते, आणि तेही वीज जाळून उपसावे व शुद्ध करावे लागते. एकदा शुद्ध केलेले पाणी न वापरताच पुन्हा शुद्ध करण्याचा हा अजब व्यवहार होय! शिवाय नळ बंद झाला, की त्याच्या भेगांतून हीच घाण आत ओढली जाते, आणि कावीळ व अतिसार घरात येतात. त्याची पट्टी मग वैद्याकडे भरावी लागते.

यावर उपाय नाही असे नाही. कराडशेजारच्या मलकापूर गावाने नवे नळ घालून घरोघर मीटर बसविले, अधिक वापरास अधिक दर ठेवला आणि चोवीस तास पाणी दिले. मीटर म्हणजे लुबाडणूक, अशी समजूत आपल्याकडे आहे. परंतु ज्याचे माप नाही त्याची गळती सापडणार कशी? पट्टी वाढवूच नये असे आमचे म्हणणे नाही. आधी गळती मोजा, ती बुजवा, मग उरलेल्या खर्चाची पट्टी मागा, एवढेच आमचे म्हणणे आहे. अशी पट्टी प्रामाणिक माणूस आनंदाने देईल.

आपल्या ढोकीत ग्रामपंचायत आहे, ग्रामसभा आहे. टाकीत किती पाणी चढले आणि घरांत किती पोहोचले, हा प्रश्न पालकांनी तेथे अवश्य विचारावा. आणि विद्यार्थ्यांनी एक लिटरचे भांडे व घड्याळ घेऊन आपल्या गल्लीतील बिनतोटीच्या नळांचा हिशेब एका वहीत मांडावा. ती वही ग्रामसभेत वाचली गेली, तर आमच्या अंकगणिताच्या तासाचे चीज झाले असे आम्ही समजू.