माळावरचा गोवर

इंदापूर तालुक्यातला कडबनवाडीचा माळ, किंवा बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली जाहीर झालेले मयूरेश्वर अभयारण्य. इथे येणाऱ्यांना चिंकारा पाहायचा असतो, नशीब असेल तर लांडगाही. माझे लक्ष मात्र हल्ली गावकुत्र्यांकडे जाते. लांडग्याचा शत्रू म्हटले की आपल्याला विष नि फास आठवतो. रोग आठवत नाही.

‘डिस्टेंपर’ हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार. आपल्या गोवराचा आणि २०११ साली जगातून हद्दपार झालेल्या गुरांच्या बुळकांडीचा तो भाऊबंद. गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. म्हणूनच छोट्या वस्तीत असा रोग सर्वांना गाठून विझतो. टिकायला त्याला सतत नवी बाळे लागतात. माळावर लांडगे आणि खोकडे मोजकीच. त्यांच्यात तो फार काळ तग धरणे कठीण. मग तो राहतो कुठे?

भीमेपलीकडे, सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि सहकाऱ्यांनी २१९ कुत्री व ३३ खोकडे तपासली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत आणि १८ टक्के खोकडांत डिस्टेंपर होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. खोकडांचा आकडा लहान म्हणून निर्धास्त होऊ नये. मेलेले जनावर मोजणीत येत नाही, आणि रोग अंगात असलेल्या खोकडांत मृत्यू फार दिसले. बहुतेक कुत्री मात्र वर्षाची होईतो त्यातून तावून सुलाखून निघतात. म्हणजे रोगाचा निखारा धगधगत राहत असेल, तर तो दरवर्षी जन्मणाऱ्या पिलांमध्ये.

२०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला. सिंहाची ही गत, तर आपल्या मूठभर लांडग्यांचे काय?

उपाय कुत्र्यांना मारणे हा नव्हे. मोकळ्या जागी नवी कुत्री येतात, नवी पिले होतात. मोठ्या कुत्र्यांना डिस्टेंपरची लस टोचूनही फारसे साधणार नाही, कारण त्यांना ती शक्ती आधीच आलेली असते. रेबीजची लस हवीच, ती आपल्यासाठीही. खरे काम आहे निर्बीजीकरणाचे आणि उकिरड्याचे. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या माळावर फेकल्या की त्यांवर कुत्री पोसतात आणि तिथेच लांडगाही तोंड घालतो. त्या खड्ड्यात पुरायला लागते ते एक फावडे. लांडगा वाचवायची सुरुवात जंगलात नाही, गावाच्या वेशीवर आहे.